गहू फुकट आणि भाकरी महाग : हे उलटं कसं झालं?

हल्ली आपल्याकडचे डॉक्टर शुगरचा रिपोर्ट बघितला की गोळ्या लिहायच्या आधी एक वाक्य हमखास बोलतात. "चपाती-भात कमी करा, ज्वारीची भाकरी खा." पेशंट मान डोलवतो. येता येता बाजारात चांगल्या मालदांडीचा भाव विचारतो आणि गप्प बसतो. घरात रेशनचा गहू पडलेला असतो, तोही फुकटचा. ज्वारी विकत घ्यायची म्हणजे महिन्याच्या हिशोबात नवा खर्च. मग आठवड्यातून एकदा भाकरी, बाकी सहा दिवस चपाती, अशी तडजोड होते.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी हेच बरोबर उलटं होतं. गहू सणाला, पाहुण्याला आणि आजारपणात. रोजचं खाणं ज्वारी नाहीतर बाजरी. पुरणाची पोळी व्हायची ती होळीला, पोळ्याला. ज्याच्या घरी रोज गव्हाची चपाती तो मोठा माणूस. गरिबाचं धान्य श्रीमंताचं झालं आणि श्रीमंताचं धान्य फुकट वाटायला लागलं, हा प्रवास कसा झाला ते आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण जेवणाच्या ताटाचा विषय आहे, सवडीने वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ज्वारी-बाजरी ही काही सृष्टीच्या सुरुवातीपासून आपली नाहीत. दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दख्खनच्या पठारावर रुजली. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक होतं जव. म्हणजे ताट बदलत आलंय. प्रश्न एवढाच की कोण बदलतं आणि कशासाठी.

ज्वारी इथे टिकली ती जमिनीमुळे. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, करमाळा या पट्ट्यात पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. पण काळी माती ओल धरून ठेवते. भादव्यात-अश्विनात पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते. पाणी द्यावं लागत नाही. माणसाला दाणा, जनावराला कडबा. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथाही याच गावची. 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम 35-1' हे वाण काढलं. नव्वदएक वर्षं होत आली, अजून शेतकरी तेच पेरतोय. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

त्या काळात 'होल ग्रेन' हा शब्द कुणाला माहीत नव्हता, कारण धान्य अख्खंच खाल्लं जायचं. दाण्याचे तीन भाग असतात. वरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला पिठूळ गाभा. तंतू, जीवनसत्त्वं, लोह हे सगळं जास्त करून कोंड्यात आणि अंकुरात. गाभ्यात मुख्यतः पिष्ट. जात्यावर दळलं की तिन्ही भाग पिठात येतात. मैदा करताना पहिले दोन काढून टाकतात, पांढऱ्याशुभ्र तांदळाचंही तेच.

याचा परिणाम काय होतो ते जगाला आधी तांदळाने शिकवलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगावर काम करत होता. पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात, हे त्याला दिसलं. पुढे 1929 साली त्याला नोबेल मिळालं.

भारतात तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने 1920 च्या दशकात एक वेगळाच प्रयोग केला. उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. काही दिवसांनी वजनं केली. शीख जेवणावरचे उंदीर सरासरी 235 ग्रॅम, पठाण 230, मराठा 225. सगळ्यात शेवटी मद्रासी, 155 ग्रॅम. वरच्या गटांत न चाळलेल्या धान्याची रोटी-भाकरी होती, शीख जेवणात तिच्या जोडीला दूध, डाळ आणि भाजी. खालच्या गटांत पॉलिशचा तांदूळ आणि बाकी फारसं काही नाही. आपलं जेवण शीख-पठाणांच्या लगोलग तिसरं होतं, हे शंभर वर्षांपूर्वी नोंदवलं गेलंय. कुन्नूरची ती संस्था पुढे हैदराबादला गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

मग बिघडलं कुठे?

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याची टंचाई होती. 1954 साली अमेरिकेने 'पीएल 480' नावाचा कायदा केला. जादाचा शेतमाल मित्रदेशांना सवलतीत द्यायचा, रुपयांतही पैसे चालतील. भारताने 1956 साली करार केला आणि अमेरिकन गव्हाची जहाजं मुंबई बंदराला लागायला लागली. 1965-66 च्या दुष्काळात तर एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. ते जहाजातून थेट लोकांच्या तोंडात जायचं, मध्ये साठा असा नव्हताच. आपल्या रानात पसरलेलं गाजरगवतही याच गव्हाबरोबर आलं असं जुनी माणसं अजून सांगतात. त्याला 'काँग्रेस गवत' असंही म्हणतात.

हा गहू रेशनच्या दुकानातून घरोघरी गेला. ज्या घरात गहू वर्षातून चार वेळा यायचा तिथे तो दर महिन्याला यायला लागला. 1965 साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि पावही सरकारी झाला. त्याच वर्षी अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. पुढच्या वर्षी मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं 18,000 टन बियाणं आलं. पंजाब-हरियाणात हरितक्रांती झाली आणि तिथला गहू-तांदूळ हमीभावाने विकत घेऊन देशभर वाटायची यंत्रणा उभी राहिली. देश उपासमारीतून बाहेर आला हे या यंत्रणेचं श्रेय आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्रणा दोनच धान्यांची होती. मालदांडीसाठी तसं गोदामही बांधलं गेलं नाही आणि तशी खरेदीही झाली नाही.

ज्वारीसाठी काहीच झालं नाही असंही नाही. 1964 साली सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं ते जाहीरपणे बोलले होते आणि त्यांचा सगळा भर हायब्रीड ज्वारीवर होता. उत्पादन वाढलं. पण हायब्रीड पावसाळ्यातलं पीक. दाणा भरताना पाऊस आला की कणीस काळं पडायचं. ताट बुटकं, त्यामुळे कडबा कमी. आणि भाकरीला ती चव नाही. "हायब्रीड" हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो त्याचं मूळ इथे आहे. ही ज्वारी मग माणसाच्या ताटातून निघून कोंबडीच्या खाद्यात आणि दारूच्या भट्टीत गेली. 2007 साली तर राज्य सरकारने ज्वारी-बाजरी-मक्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं. डॉ. अभय बंग आणि इतरांनी त्यावर बरंच रान उठवलं होतं, अनेकांना आठवत असेल.

मध्ये 1972 चा दुष्काळ आला. आपल्या भागातल्या सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, 'बहात्तर' म्हटलं की तो आधी खडी फोडण्याबद्दल बोलेल, मग मिलोबद्दल आणि सुकडीबद्दल. मे 1973 मध्ये राज्यातले जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालत, इकडे माणसांनी खाल्ली. भाकरी लालसर, थापताना फुटणारी. ज्या मुलखाने मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्ली त्याला ही लाल ज्वारी रेशनच्या रांगेत उभं राहून घ्यावी लागली. भाकरी आणि गरिबी यांची गाठ त्या दोन वर्षांत मनात पक्की बसली असं मला वाटतं. ज्या पोरांनी ते बघितलं त्यांनी मोठं झाल्यावर, हातात पैसा आल्यावर, आपल्या मुलांच्या डब्यात चपाती दिली. कोण त्यांना नावं ठेवणार?

त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायकांचे मोर्चे निघाले. बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, म्हणून तो लाटणं मोर्चा. लाटणं हे चपातीचं हत्यार. भाकरीला लाटणं लागत नाही, हात आणि काठवट लागते. शहरातल्या कष्टकरी घरातही तोवर लाटणं रोजचं झालेलं होतं, हे त्या मोर्च्याच्या नावातच दिसतं.

आणि इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोललं पाहिजे. "आमच्या आज्जीच्या हातची भाकरी" म्हणून आपण पुरुष मंडळी फार हळवे होतो. त्या आज्जीला कुणी विचारलं का? पहाटे उठून जात्यावर दळण. त्या वेळच्या ओव्या आज अभ्यासक जमा करतात, पण त्या गाणाऱ्या बाईचे खांदे दुखत होते. मग चुलीपुढे बसून एकेक भाकरी थापायची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून गरम पाणी, म्हणून हाताच्या तळव्याने जोर लावून मळणं, आणि मळलं की लगेच थापणं. वीस माणसांच्या घरात चाळीस-पन्नास भाकरी, त्याही गरम हव्यात. चपातीची कणीक एकदा तिंबून ठेवता येते, पटापट लाटता येते, डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. घरातल्या बाईने चपाती निवडली त्यात तिची सुटका होती. भाकरी परत आणायची असेल तर ती पुन्हा एकाच बाईच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

शेताकडे बघा. 1960 च्या आसपास महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र होतं. आता ते वीस लाखांच्याही खाली आलंय. देशात सुमारे 1.8 कोटी हेक्टर होतं, ते 40 लाखांच्या घरात आलं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणी आलं तिथे ऊस आला. पाणी नाही तिथे डाळिंब, मका, तूर, सोयाबीन. रब्बी ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, पाखरं राखावी लागतात, मजूर मिळत नाहीत. एवढं करून भाव व्यापारी ठरवणार. 2024-25 ला मालदांडीचा हमीभाव 3,421 रुपये क्विंटल होता, गव्हाचा त्या हंगामात 2,275. कागदावर ज्वारी पुढे. पण गहू सरकार खरोखर विकत घेतं. ज्वारीच्या हमीभाव केंद्राचा पत्ता किती शेतकऱ्यांना माहीत आहे? आता ज्वारी कमी पिकते, शहरातून मागणी वाढलीय, म्हणून दुकानात महाग. शेतकरी मात्र जिथे होता तिथेच.

वरून कायदा आला 2013 साली, अन्न सुरक्षेचा. त्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असं स्पष्ट लिहिलं होतं. जानेवारी 2023 पासून हे धान्य पूर्ण मोफत झालं. म्हणजे ज्वारी रेशनवर द्यायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. 2018 साली केंद्र सरकारने या धान्यांना 'भरड' न म्हणता पौष्टिक धान्य म्हणायचं ठरवलं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, भारतानेच ते मागून घेतलं होतं. फ्लेक्स लागले, पाककृती स्पर्धा झाल्या, सेल्फी निघाल्या. आपल्या रेशन दुकानात मात्र पोती गव्हाची आणि तांदळाचीच. एखाद्या हंगामात कुठे ज्वारी आली तरी ती पुढच्या महिन्यात येईल याची खात्री नाही.

आणि होतं कसं ते बघायला फार लांब जायला नको. सोलापूरची हद्द ओलांडली की कर्नाटक. तिथे दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनवर दिली जाते. ओडिशाने 2017 साली मिलेट मिशन सुरू केलं. आदिवासी भागात नाचणीची खरेदी केली, ती रेशनवर दिली आणि अंगणवाडीतल्या पोरांच्या हातात नाचणीचा लाडू दिला. शेतकरी, दुकान आणि मूल हे तिन्ही एका साखळीत आले. ही साखळी सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिवात बसवायला कुणाची हरकत आहे?

आता घरातलं. सरकार जागं होईस्तोवर आपण थांबायचं का? नाही. पण आधी एक सावधगिरी. भाकरी हे औषध नाही. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवून दिलं होतं की दख्खनमधल्या निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा नावाचा त्वचेचा आजार होतो. भाकरी आणि मिरची, बाकी काही नाही, अशा ताटाचा तो परिणाम. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक हवंच. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सांगितलंय की दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी धान्यातून 45 टक्क्यांच्या वर नको. चार चपात्यांच्या जागी चार जाडजूड भाकरी थापल्या आणि भाजी तेवढीच ठेवली, तर शुगरचा रिपोर्ट फारसा हलणार नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर बदल डॉक्टरांना सांगूनच करा.

सुरुवात चाळणीपासून करा. गिरणीतून आणलेलं गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकता ना, तो फेकू नका. रेशनचा गहूही निवडून, धुऊन, वाळवून दळला आणि पीठ न चाळता वापरलं तर ते पूर्ण धान्यच आहे. यात एक रुपया जास्त लागत नाही. ज्याला ज्वारी परवडत नाही त्याच्यासाठी पहिलं पाऊल हेच.

दुसरं, एकच जेवण ठरवा. डब्यात चपाती राहू द्या, रात्रीला भाकरी. भाकरी नको म्हणणारी पोरं थालीपीठ मागून खातात. भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद सगळंच येतं. ज्वारीच्या कण्या, आंबील, नाचणीचं धिरडं, ज्वारीच्या लाह्या हे जुनंच आहे. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, नागपंचमीच्या लाह्या, थंडीतला हुरडा, आपल्या सणांनी ही धान्यं कॅलेंडरमध्ये जपून ठेवलीत. वर्षातून एकदा येणारं ते आठवड्यावर आणायचं, एवढंच.

तिसरं, बाजरीचं पीठ थोडं थोडं दळून आणा. तिच्यात तेलाचा अंश जास्त, आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. "पोरांना बाजरी आवडत नाही" या तक्रारीमागे कित्येकदा शिळं पीठ असतं.

चौथं, 'मल्टिग्रेन' आणि 'ब्राउन' या शब्दांना भुलू नका. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं असा नियम आहे. पहिलं नाव मैदा असेल तर पुढे नाचणीचं चित्र कितीही मोठं छापू द्या, तो मैद्याचाच माल.

पाचवं, भाकरी थापायला शिका. हे पुरुषांना उद्देशून आहे, आणि वयात आलेल्या पोरांनाही. पहिल्या दहा फाटतील. फाटलेलीही पोटात जाते. ज्यांना जमणारच नाही त्यांनी बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्यावी. सोलापूरची कडक भाकरी अशाच बायकांनी लांबच्या शहरांपर्यंत पोचवलीय. तिला योग्य दाम द्या, घासाघीस करू नका.

घरातले हे पाच बदल आपल्या हातात आहेत. पण ज्या घरात महिन्याचं धान्य म्हणजे रेशनचं पोतं, तिथे डॉक्टरचा सल्ला आणि सरकारचं पोतं एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. माणशी पाच किलो मोफत धान्यात दोन किलो ज्वारी आली, आणि ती आपल्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेली असली, तर शेतकऱ्याला भाव मिळतो, पेशंटला भाकरी मिळते आणि बाजारातला भावही आवाक्यात येतो.

प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती असते. तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली ते विचारा. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा : आमच्या रेशनवर गव्हाचा काही हिस्सा ज्वारीत द्यावा आणि तालुक्यात ज्वारीचं खरेदी केंद्र काढणीच्या आधी सुरू करावं. ठराव झाला की त्याची प्रत मला पाठवा, तहसील कार्यालयात पाठपुरावा करून काय उत्तर येतं ते इथेच लिहीन. आणि तुमच्या घरात बहात्तरची मिलो खाल्लेलं कुणी असेल, तर त्यांच्याशी बोला, खाली कमेंटमध्ये लिहा. ती माणसं आता थोडीच उरलीत.